फ्रान्समधले उघड्या दारांचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

येवल्याची_नात

दर सप्टेंबरात इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "वारसा दिवसांना कुठे जायचं?" आणि दरवर्षी मी तेच उत्तर नव्याने टाइप करते. म्हणून यंदा एकदाच सविस्तर लिहून काढतेय. तुम्हीही आपापल्या गावचं लिहा, म्हणजे नव्याने आलेल्यांना एकाच जागी सगळं मिळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार म्हणजे 'झुर्ने द्यु पात्रिमुआन', वारशाचे दिवस. 1984 साली तेव्हाचे संस्कृतीमंत्री जाक लांग यांनी हे सुरू केलं. एरवी बंद असलेली दारं त्या दिवशी लोकांसाठी उघडायची. राष्ट्राध्यक्षांचा एलिझे महाल, सिनेट, नगरपालिकांच्या इमारती, कोर्टं, कार्यशाळा, काही खासगी मालकीचे वाडे आणि किल्लेसुद्धा. 1991 पासून युरोप परिषदेनं ही कल्पना उचलून धरली आणि आता युरोपभर हे दिवस पाळले जातात. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो.

पहिल्या वर्षी मी एका मोठ्या सरकारी महालासमोर पाच तास रांगेत उभी होते. आत जेमतेम पाऊण तास. झुंबरं पाहिली, गालिचे पाहिले, सगळं दोरीच्या अलीकडून. त्या दिवसाचं आज काय आठवतं म्हणाल, तर रांगेत पुढे उभे असलेले एक आजी-आजोबा आणि त्यांनी डब्यातून काढून दिलेल्या सफरचंदाच्या फोडी. तेव्हाच ठरवलं की यापुढे जिथे माणसं काम करताना दिसतील तिथेच जायचं.

मग आई आली त्या वर्षी तिला गोबलँला नेलं. पॅरिसच्या तेराव्या विभागात हा राजाश्रयाचा जुना विणकामाचा कारखाना आहे. गोबलँ हे मुळात रंगाऱ्यांच्या घराण्याचं नाव. पंधराव्या शतकापासून ते बिएव्र नदीकाठी लोकर रंगवत, त्यांचा लाल रंग नावाजलेला. 1662 मध्ये कोल्बेर या मंत्र्यानं चौदाव्या लुईसाठी ती जागा घेऊन तिथे विणकर एकत्र आणले, आणि माग आजही चालू आहेत. विणकर सरकारी नोकरीत आहेत.

आईचं माहेर येवल्याचं. घरात माग होता, लहानपणी शाळेतून आल्यावर कांड्या भरणं हे तिचं काम. त्या दिवशी ती मुद्दाम पैठणी नेसली. वर माझं जाड जाकीट, पण पदर बाहेर काढून.

आत उंच खिडक्यांची लांब खोली. माग उभे, दोन माणसांच्या उंचीचे. विणणारी बाई मागाच्या मागच्या बाजूला बसलेली, म्हणजे तिच्यासमोर कापडाची उलटी बाजू. तिथून पन्नासेक लाकडी तिल्ल्या लोंबत होत्या, प्रत्येकीवर वेगळा रंग. पुढच्या बाजूला आरसा टांगलेला. ताण्याचे धागे बोटांनी किंचित फाकवून ती त्या आरशात उजवी बाजू बघायची, परत दोन-चार धागे भरायची, तिल्लीच्या टोकानं खाली दाबायची. आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग मला म्हणाली, "विचार तिला, दिवसाला किती होतं?" बाईंनी अंगठा आणि तर्जनी थोडी फाकवून दाखवली. एका मोठ्या पडद्याला कित्येक वर्षं लागतात म्हणाल्या. आईनं मान डोलावली. तिला त्यात नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते उलट्या बाजूचं. आपल्या पैठणीत पदराची मागची-पुढची बाजू सारखीच, धागे लोंबत नाहीत, एकमेकांत गुंतवून पुढे नेतात. आईनं पदर उलटा करून दाखवला. बाई बाकावरून उठल्या, चष्मा काढला, पदर खिडकीशी उजेडात धरला आणि मोराच्या मानेवरून बोट फिरवत राहिल्या. मी भाषांतर करायला सुरुवात केली होती, पण दोन मिनिटांनी लक्षात आलं की माझी गरज नाही. आई तिल्ली धरायची मुद्रा करत होती, त्या त्यांची तिल्ली दाखवत होत्या. मागची रांग शांतपणे थांबली होती, कुणी घाई केली नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. 1824 मध्ये शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ इथल्या रंगशाळेचा प्रमुख झाला. तक्रार अशी होती की इथला काळा रंग फिका पडतो. त्यानं तपासलं तर रंगात दोष नव्हता. शेजारी निळा-जांभळा आला की डोळ्यालाच काळा मळका दिसायचा. रंग शेजाऱ्यामुळे बदललेला दिसतो, हा नियम त्यानं 1839 मध्ये पुस्तकरूपानं मांडला आणि पुढे चित्रकारांनी तो मनापासून वापरला. मी हे आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणून तर चंद्रकळेला लाल काठ असतो. लाल जवळ असला की काळा खुलतो."

तुमचं लिहा. वारसा दिवसच पाहिजेत असं नाही. उत्सव, कॉलेजांचे खुले दिवस, काहीही चालेल.

सोनकाठ

वा! पदर खिडकीशी धरला ते वाचून काटा आला. आईंना नमस्कार सांगा.

मी लिऑंला बरीच वर्षं आहे, सोन नदीच्या काठी, म्हणून हा आयडी. इथला 'फेत दे ल्युमिएर', दिव्यांचा उत्सव, आता चार दिवस चालतो आणि बहुतेक लोक इमारतींवरचे प्रकाशाचे खेळ बघायला येतात. त्याचं मूळ मात्र घरगुती आहे आणि मला तेच जास्त आवडतं. 1852 साली फूर्व्हिएर टेकडीवर मेरीचा पुतळा बसवायचा होता. तारीख ठरली 8 सप्टेंबर. सोनला पूर आला आणि शिल्पकाराचं काम वेळेत झालं नाही, म्हणून सोहळा 8 डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ, रोषणाई रद्द व्हायची वेळ आली. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं तसं लोकांनी आपण होऊन खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून दर 8 डिसेंबरला लावतात.

त्या दिव्यांना 'ल्युमिन्यों' म्हणतात. छोटी मेणबत्ती आणि तिच्यासाठी उभ्या पन्हळी असलेला काचेचा पेला, लाल, निळा, हिरवा किंवा साधा. पन्हळींमुळे उजेड भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे पेले नव्हते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी खोका आणून दिला, त्यांच्या सासूच्या वेळचे पेले, काहींच्या कडा उडालेल्या. मी आणि बायकोनं खिडकीत बारा मांडले. आमच्याकडे दिवाळीच्या उरलेल्या पणत्या होत्या, त्यातली एक आजींना दिली. तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या खिडकीत पेल्यांच्या ओळीत एक पणती असते. तेल मात्र त्या माझ्याकडूनच घालून घेतात.

2015 मध्ये नोव्हेंबरात पॅरिसला हल्ले झाले आणि उत्सव रद्द केला. पण 8 तारखेला दिवे लावायचं आवाहन होतं. त्या रात्री इमारतींवर खेळ नव्हते, गर्दी नव्हती, नुसत्या खिडक्या. मी काठाकाठानं चालत गेलो. इतका शांत लिऑं त्याआधी पाहिला नव्हता.

येणार असाल तर शनिवार टाळा. मधल्या भागात गर्दी एकाच दिशेनं सोडतात, लहान मुलं घेऊन तिथे अडकू नका. आणि थंडी मनावर घ्या, नदीवरचं वारं हाडांत जातं.

दोन_पिल्लं

वाचतेय, फार सुंदर धागा. आम्ही मार्चमध्ये पुण्याहून पॅरिसजवळ आलोय. मुलं 4 आणि 7 वर्षांची. फ्रेंच अजून कुणालाच येत नाही. यातलं काय झेपेल?

खिल्लार

@दोन_पिल्लं, पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी शेतीचं प्रदर्शन बघा, 'सालों द लाग्रिकुल्त्यूर', पोर्त द व्हर्सायला. 1964 पासून भरतं. तिकीट आहे, पण मुलांसाठी याहून चांगलं मला तरी दिसलं नाही. भाषाही लागत नाही.

मी सांगलीकडचा, घरी खिल्लार बैल होते. इथे सालेर जातीची गाय पहिल्यांदा बघितली. ओव्हर्नची, गडद तांबूस, अंगावर कुरळे केस आणि शिंगं बाहेर वळून वर गेलेली. सकाळी लवकर गेलो होतो. शेतकरी पेंढ्यावर बसून तिच्या शेपटीचा गोंडा विंचरत होता. आधी पाणी, मग ब्रश, मग वाळवायचं यंत्र. दुपारी रिंगणात परीक्षा होती. त्यानं खुरं पुसली, कानाच्या आतून फडकं फिरवलं. बेंदराच्या सकाळी आमचे आजोबा हेच करायचे, फक्त शेवटी शिंगांना हिंगूळ आणि पाठीवर झूल. मी फोनवरचा आमच्या बैलांचा फोटो दाखवला. त्यानं शिंगांवर बोट ठेवून किती लांब म्हणून विचारलं, मी हात पसरून दाखवलं. त्यानं बायकोला हाक मारून तिलाही दाखवलं.

मुलांना गाईला हात लावू देतात, फक्त मालकाला विचारा. स्ट्रोलर नेऊ नका. शनिवार-रविवारी प्रचंड गर्दी असते, मुलांच्या सुट्टीतला मधला वार बरा. आणि सकाळीच जा.

काळी_एक

धागा वर काढतोय. संगीतोत्सवाबद्दल कुणीच लिहिलं नाही?

21 जून, 'फेत द ला म्युझीक'. हेही जाक लांग यांच्याच काळातलं, 1982 पासून. मंत्रालयातले मोरिस फ्लरे यांच्यासमोर एका पाहणीचे आकडे आले होते की देशात पन्नास लाख लोक वाद्य वाजवतात, दोनातला एक तरुण काहीतरी वाजवतो, आणि तरी रस्त्यावर काही ऐकू येत नाही. म्हणून वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सगळ्यांनी बाहेर येऊन वाजवायचं, फुकट. नावातही तोच खेळ आहे, 'उत्सव' आणि 'करा' हे दोन्ही फ्रेंच शब्द सारखेच ऐकू येतात.

मी तुलूझला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात तबला वाजवायची चोरी, भिंती पातळ. 21 जूनला संध्याकाळी जोडी घेऊन बाहेर पडलो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर चादर टाकून बसलो. तासभर एकटाच पेशकार वाजवत होतो. लोक थांबत होते, जात होते. मग साठीचे एक गृहस्थ अकॉर्डियन घेऊन आले आणि खुणेनंच बसू का विचारलं. त्यांचा सूर पांढरी दोन, माझा तबला काळी एकला. अकॉर्डियन काही चढवता-उतरवता येत नाही, तेव्हा मीच हातोडी काढली. गठ्ठे ठोकून अर्धा स्वर वर नेईपर्यंत ते एक सूर धरून थांबले होते, आणि भोवतीचे दहा-बारा लोकही. जुळला तेव्हा टाळ्या पडल्या, वाजवायच्या आधीच.

त्यांनी वॉल्ट्झ सुरू केला. तीनचा ठेका. मी दादरा धरला. 'धा धिं ना' वर त्यांचं आवर्तन बसलं आणि 'धा तीं ना' वर त्यांनी मान वळवून बघितलं, की खालचं वजन गेलं कुठे. दुसऱ्या फेरीला त्यांनी तिथे स्वतःचा भाता हलका केला. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तिथेच होतो. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

जाता जाता, ज्या पेटीवर आपण नाट्यसंगीत ऐकत वाढलो, त्या हार्मोनियमचं पेटंट 1842 साली दबँ नावाच्या कारागिरानं पॅरिसमध्येच घेतलं होतं. ती पायानं चालायची, हातभात्याची पेटी नंतर आपल्याकडे घडली. अकॉर्डियन तिचं चुलत भावंड, आत तशीच धातूची जिभाळी. त्या रात्री मला परकं वाटलं नाही त्याला हेही कारण असेल.

येवल्याची_नात

@काळी_एक, 'खालचं वजन गेलं कुठे'! किती नेमकं लिहिलंय. आईला फोनवर वाचून दाखवलं.

@खिल्लार, शेपटीच्या गोंड्याचं मीही पाहिलंय, ते लोक रात्री जनावरांजवळच असतात.

जुना_पॅरिसकर

तीस वर्षं झाली इथे येऊन. एक राहिलं म्हणून लिहितो, ला शापेलची गणपतीची मिरवणूक.

अठराव्या विभागात रू पाजोलवर माणिक्क विनायकर देऊळ आहे. 1985 मध्ये श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी स्थापन केलं, युद्धामुळे देश सोडून आलेली ही माणसं. चतुर्थीच्या आसपासच्या रविवारी रथ निघतो. 1996 पासून ही मिरवणूक आहे. रथाचे दोर भाविक ओढतात, अनवाणी. बायका डोक्यावर पेटत्या कापराची मडकी घेऊन चालतात. दुकानांसमोर नारळांचे ढीग रचलेले असतात, हळदीच्या पाण्यानं धुतलेले, आणि रथ जवळ आला की पुरुष ते एकामागून एक रस्त्यावर आपटतात. पाण्याचे ओघळ वाहतात, करवंट्यांवरून पाय जपून टाकावा लागतो. आमच्या इथे एका सुखवस्तू फ्रेंच बाईंनी हातात आलेला खोबऱ्याचा तुकडा काय करायचा म्हणून विचारलं. माझी बायको म्हणाली, खा, प्रसाद आहे.

आपल्या पद्धतीचं नाही काही. ढोल-ताशा नाही, तिथे नादस्वरम् आणि तविल. आरती वेगळी. पहिल्या वर्षी मी एका कडेला उभा होतो. रथ समोर आला तेव्हा तोंडातून "मोरया" निघून गेलं. शेजारून आणखी दोन आवाज आले, "मोरया!" एक औरंगाबादचा, एक मडगावचा. ते दोघं आजही माझे मित्र आहेत.

शेवंती

@जुना_पॅरिसकर काका, वर्णन छान आहे, पण हा धागा फ्रान्सच्या सांस्कृतिक उत्सवांचा आहे ना? ही मिरवणूक आपल्याकडचीच म्हणायची, फक्त जागा पॅरिस.

जुना_पॅरिसकर

शेवंती ताई, मला तसं वाटत नाही. तिथली निम्मी तरुण मुलं पॅरिसमध्ये जन्मलेली आहेत, आपापसात फ्रेंच बोलतात. रस्ता पालिका मोकळा करून देते. शेजारपाजारचे लोक मुलांना खांद्यावर घेऊन बघायला येतात. लिऑंचे दिवे पुराच्या वर्षी सुरू झाले, ही मिरवणूक युद्धानं आलेल्या लोकांनी सुरू केली. दोन्ही आता या शहरांचीच आहेत.

आणि आपल्यापुरतं एक सांगतो. 2009 च्या 14 जुलैला, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाला, मी शांझेलिझेवर होतो. मनमोहन सिंग पाहुणे होते आणि आपल्या तिन्ही दलांचे सुमारे 400 जवान संचलनात होते, त्यात मराठा लाइट इन्फंट्री. हिरव्या टोप्या दिसल्या तसं माझ्या वडिलांनी काठी बगलेत धरून सलाम केला. वडील बेळगावचे, त्यांचा थोरला भाऊ त्या रेजिमेंटला होता. ते संचलन फ्रान्सचंच होतं, आणि आमच्या घरचंही.

शेवंती

पटलं, काका. वडिलांबद्दल वाचून भरून आलं.

लेकीची_आई

माझा अनुभव साधा आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. इथे जानेवारी ते मार्चमध्ये शनिवारी शाळा-कॉलेजांचे 'पोर्त उव्हेर्त', म्हणजे खुले दिवस, असतात. लेकीला बारावीनंतर पाव-पेस्ट्रीचं शिकायचं होतं. घरी मोठा वाद. आजी-आजोबांचं म्हणणं, एवढी हुशार पोर भट्टीपाशी कशाला? मीही मनातून त्यांच्याच बाजूची.

एका शाळेच्या खुल्या दिवशी गेलो. प्रवेशविभागाच्या टेबलापाशी माहितीपत्रकं आणि गोड बोलणं, त्यातून काही कळलं नाही. मग लेक मला सरळ कार्यशाळेत घेऊन गेली. सतरा वर्षांचा एक मुलगा क्रुआसाँची कणीक लाटत होता. लोणी आत घालून घडी, थंड करायचं, परत घडी. त्याला विचारलं, किती वाजता उठतोस? म्हणाला, कामाच्या आठवड्यात तीन वाजता. आवडतं का? त्यानं उत्तर न देता एक क्रुआसाँ मधोमध कापून हातात दिला. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. "हे काल मला जमत नव्हतं," म्हणाला.

परतताना ट्रेनमध्ये मी लेकीला म्हटलं, फॉर्म भर. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. खुल्या दिवशी टेबलावरच्या लोकांशी कमी आणि विद्यार्थ्यांशी जास्त बोला, एवढंच सांगेन.

दोन_पिल्लं

सगळ्यांचे मनापासून आभार. फेब्रुवारीचं प्रदर्शन लिहून ठेवलं. 13 जुलैच्या रात्री अग्निशमन केंद्रांत नाच असतो म्हणे, तिथे मुलं चालतात का?

सोनकाठ

'बाल दे पोंपिए'. पॅरिसमध्ये 1937 ला मोंमार्त्रच्या केंद्रापासून ही प्रथा पडली असं सांगतात. संध्याकाळी लवकर गेलात तर मुलांना गाड्या जवळून बघायला मिळतात. रात्री नाचायला आलेल्यांची गर्दी होते, तेव्हा मुलांना नको. दाराशी पिंप असतं, त्यात यथाशक्ती पैसे टाकायचे.

दोन_पिल्लं

धन्यवाद! आणि @येवल्याची_नात, आम्ही या सप्टेंबरात गोबलँला जायचं ठरवतोय. सासूबाई येणार आहेत, त्याही नऊवारी नेसतात. मेट्रो कुठली? पुन्हा विणकाम बघायला मिळेल ना?

येवल्याची_नात

सात नंबर, 'ले गोबलँ' स्टेशन. बाहेर आलात की त्याच नावाच्या रुंद रस्त्यावर 42 क्रमांक. काय उघडं आहे आणि आधी नाव नोंदवावं लागतं का हे दरवर्षी बदलतं, तेव्हा सप्टेंबर लागला की संकेतस्थळ बघा. शनिवारी सकाळी उघडायच्या अर्धा तास आधी पोचलात तर मागाजवळ निवांत उभं राहता येतं.

सासूबाईंना सांगा, जाकिटाची चेन उघडी ठेवा, पदर दिसला पाहिजे. आणि त्या चष्मेवाल्या बाई भेटल्या तर म्हणा, येवल्याच्या बाईंनी विचारलंय, तो निळा पडदा मागावरून उतरला का?